विश्लेषण : ‘पिशवीची तपासणी’ झाली, म्हणजे अंडाशयाचा कॅन्सरही तपासला गेला का?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी महिलांचा जीव वाचवते, हे जगाला आकड्यांनिशी दाखवून देण्यात धाराशिव जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. या जिल्ह्यातील १ लाख ३१ हजार ७४६ महिला सहभागी झालेल्या अभ्यासाचा दाखला आजही जगभर दिला जातो. गावोगावच्या शिबिरांमुळे ‘पिशवीची तपासणी’ हा शब्द इथल्या घराघरांत पोहोचला. पण त्यासोबत एक गैरसमजही पसरला. पिशवी तपासली आणि रिपोर्ट चांगला आला, की पोटातील बाकी सगळेही ठीक असेल, असे अनेकींना वाटते. पिशवी काढूनच टाकली असेल, तर काळजी कायमची मिटली असेही मानले जाते.

अंडाशयाच्या कॅन्सरबाबत या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हा कॅन्सर पिशवीच्या तपासणीत दिसत नाही आणि पिशवी काढल्यानंतरही होऊ शकतो. निरोगी महिलांमध्ये तो आधीच शोधून मृत्यू कमी करणारी चाचणी अजून जगात कुठेच उपलब्ध नाही. म्हणूनच लक्षणे ओळखणे आणि वेळेत सोनोग्राफी करून घेणे याला इथे जास्त महत्त्व आहे. नेमके काय लक्षात ठेवायचे, ते समजून घेऊ.

अंडाशय नेमके कुठे असते?

गर्भाशय, म्हणजे बोलीभाषेतील पिशवी, ओटीपोटाच्या मध्यभागी असते. तिच्या खालच्या टोकाला गर्भाशयमुख असते. पिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक गर्भनलिका असते आणि नलिकेच्या टोकाजवळ बदामाएवढे अंडाशय. काही जण त्याला बीजांडकोश म्हणतात. स्त्रीबीज इथे तयार होते, तसेच इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकेही.

अंडाशयाच्या कॅन्सरचे मुख्य तीन प्रकार आहेत. सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये तो आवरणाच्या पेशींपासून होतो आणि बहुतेक वेळा पाळी बंद झाल्यानंतरच्या वयात आढळतो. यातील सर्वाधिक आढळणाऱ्या उपप्रकाराची सुरुवात अनेकदा अंडाशयात नव्हे, तर गर्भनलिकेच्या टोकाशी होते, हे गेल्या काही वर्षांतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे. दुसरा प्रकार बीजपेशींचा. तो किशोरवयीन मुली आणि तरुणींमध्ये दिसतो आणि उपचारांना उत्तम प्रतिसाद देतो. अनेकदा एकच अंडाशय काढून पुढे मूल होण्याची शक्यता राखता येते. तिसरा प्रकार संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींचा असून तो कमी आढळतो.

धाराशिवच्या अभ्यासात काय दिसले होते?

टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात हा अभ्यास केला. गावांचे ५२ गट पाडण्यात आले. ३० ते ५९ वयाच्या महिलांपैकी काहींची एचपीव्ही चाचणी, काहींची पॅप तपासणी, काहींची अ‍ॅसिटिक आम्ल लावून पाहणी झाली. चौथ्या गटाला नेहमीच्याच आरोग्यसेवा मिळाल्या. एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी झालेल्या सुमारे ३४ हजार महिलांच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे ३१ हजार ५०० महिलांच्या गटात ते ६४ होते. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्मे झाले होते.

ही तपासणी यशस्वी होण्यामागे तीन कारणे होती. गर्भाशयमुख बाहेरून पाहता येते. तिथला कॅन्सर जवळपास नेहमी एचपीव्ही या एकाच विषाणूमुळे होतो. आणि कॅन्सर होण्याआधी पेशींमध्ये बदल व्हायला बहुधा दहा-दहा वर्षे लागतात, त्यामुळे तो काळ हाताशी असतो.

अंडाशयाच्या बाबतीत यातील एकही सोय नाही. ते पोटात खोलवर असते आणि त्याच्या कॅन्सरमागे एकच विषाणू नसतो. कॅन्सरपूर्व अवस्था बाहेरून दिसत नाही. म्हणून पॅप, एचपीव्ही किंवा अ‍ॅसिटिक आम्लाची तपासणी इथे उपयोगाची नाही. एचपीव्हीची लसही या कॅन्सरपासून संरक्षण देत नाही. अर्थात, गर्भाशयमुखाची तपासणी आणि लस टाळू नका. त्यांचे काम वेगळे आहे आणि ते त्या चोख करतात.

मग सगळ्यांचीच रक्ततपासणी आणि सोनोग्राफी का करत नाहीत?

हा प्रश्न साहजिक आहे. सीए-१२५ ही रक्तातील चाचणी आणि सोनोग्राफी दोन्ही उपलब्ध आहेत. ठरावीक काळाने सर्व निरोगी महिलांवर त्या करून पाहण्याचे प्रयोगही झाले. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक महिलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करण्यात आला. २०२१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : मृत्यू कमी झाले नाहीत. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेतील ७८ हजारांहून अधिक महिलांच्या अभ्यासातही हेच दिसले होते. त्या अभ्यासात कॅन्सर नसताना ३ हजारांहून अधिक महिलांचा अहवाल संशयास्पद आला. त्यातील हजारांहून जास्त जणींची शस्त्रक्रिया झाली आणि सुमारे १५ टक्के जणींना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली.

असे का होते, ते साध्या गणिताने पाहू. भारतात दर लाख महिलांमागे वर्षाला साधारण सात जणींना हा कॅन्सर होतो. समजा, एखादी चाचणी इतकी चांगली आहे की निरोगी महिलांपैकी ९८ टक्के जणींना ती बरोबर ‘ठीक’ सांगते. तरी एक लाख महिलांमध्ये सुमारे दोन हजार जणींना ती उगाच धोक्याची सूचना देईल. म्हणजे प्रत्येक खऱ्या रुग्णामागे जवळपास तीनशे निरोगी महिला घाबरणार, पुढच्या तपासण्यांवर खर्च करणार आणि काहींच्या पोटावर विनाकारण शस्त्रक्रिया होणार. पन्नाशीनंतर रुग्णांचे प्रमाण वाढते, पण गणित फारसे बदलत नाही.

मात्र लक्षणे असलेल्या महिलेबाबत चित्र वेगळे असते. तिच्यात आजाराची शक्यता मुळातच जास्त असल्याने त्याच दोन चाचण्या उपयोगी पडतात. ‘पॅकेज’मधील तपासणी म्हणून सीए-१२५ करून घेण्यात अर्थ नाही. तक्रार असताना ती टाळण्यात मात्र धोका आहे.

कोणती लक्षणे गंभीरपणे घ्यायची?

या कॅन्सरची लक्षणे अगदी रोजच्या तक्रारींसारखी असतात. म्हणूनच ती गॅस, अ‍ॅसिडिटी किंवा वाताच्या नावावर खपून जातात. चार तक्रारी लक्षात ठेवा :

– पोट फुगलेले राहणे किंवा पोटाचा घेर वाढणे
– दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, भूक मंदावणे
– ओटीपोटात किंवा पोटात दुखणे, जडपणा
– वारंवार किंवा घाईची लघवी लागणे

यातील एखादी तक्रार प्रत्येकीला कधी ना कधी होते. फरक आहे तो सातत्याचा. तक्रार नव्याने, म्हणजे गेल्या वर्षभरात सुरू झाली असेल आणि महिन्यातून १२ पेक्षा जास्त दिवस होत असेल, तर तपासणी करून घ्या. महिन्यातील या १२ वेळांचा निकष ब्रिटनमधील डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. पन्नाशी ओलांडलेल्या महिलेला पहिल्यांदाच ‘आतड्याचा त्रास’ सुरू झाला, तर अंडाशयाचाही विचार करा, असेही त्या सूचना सांगतात.

गॅसने फुगलेले पोट सकाळपर्यंत उतरते. कॅन्सरमुळे पोटात पाणी होते तेव्हा ते उतरत नाही. परकराची नाडी सैल करावी लागते, पण चेहरा आणि दंड मात्र बारीक होत जातात. घरातले ‘वजन वाढलंय’ म्हणतात आणि त्या बाईला जेवण जात नसते. पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा अंगावरून जाणे हेही कधीच दुर्लक्ष करण्यासारखे लक्षण नाही, मग कारण कोणतेही असो.

पिशवी काढली असेल तर?

मराठवाड्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा मुद्दा गाजल्यानंतर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची पिशवी काढलेली आढळली. धाराशिवमधील भूम, वाशी, कळंब भागातूनही ऊसतोडीला टोळ्या जातात. ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ ही भीती अनेकींच्या निर्णयामागे असते.

पिशवी काढताना अंडाशये काढली जातातच असे नाही. ती ठेवली असतील, तर त्यांचा कॅन्सर पुढे होऊ शकतो. पाळीच नसल्याने ‘आता बायकांचा आजार कसला’ असे समजून पोटाच्या तक्रारी मागे पडतात. उलट तरुण वयात कारण नसताना दोन्ही अंडाशये काढली, तर रजोनिवृत्ती अचानक येते आणि हाडे व हृदयावर दुष्परिणाम होतात. दोन्ही अंडाशये काढल्यानंतरही पोटाच्या आतील आवरणात याच प्रकारचा कॅन्सर क्वचित होऊ शकतो.

म्हणून घरात कुणाची ही शस्त्रक्रिया झाली असेल, तर डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. एक किंवा दोन्ही अंडाशये आणि नलिका काढल्या की ठेवल्या, हे त्यावर पाहा. कळत नसेल तर कार्ड डॉक्टरांना दाखवा. कार्डच नसेल तर सोनोग्राफीतून अंदाज येऊ शकतो.

धोका कोणाला जास्त असतो?

वय हे सर्वात मोठे कारण. त्यानंतर आनुवंशिकता. बीआरसीए-१ या जनुकात दोष असेल, तर आयुष्यभरात अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या आसपास जाते. बीआरसीए-२ मध्ये ती साधारण दहा ते वीस असते. आई, बहीण, मावशी, आजी यांच्यापैकी कुणाला अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. हा दोष वडिलांकडूनही येतो. त्यामुळे आत्या आणि वडिलांच्या आईचा इतिहासही तितकाच महत्त्वाचा. अशा कुटुंबांत जनुकीय चाचणीनंतर, मुले झाल्यावर अंडाशये व नलिका काढण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो.

मूल न होणे आणि एंडोमेट्रिओसिस यांमुळे धोका काहीसा वाढतो. बाळंतपण, स्तनपान आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा काही वर्षे वापर यामुळे तो कमी होतो. कुटुंब नियोजनाची नसबंदी झालेल्या महिलांमध्येही हे प्रमाण कमी आढळते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

एक दिलाशाची गोष्ट : पीसीओडी म्हणजे कॅन्सर नव्हे. पाळी सुरू असलेल्या महिलांच्या सोनोग्राफीत दिसणाऱ्या साध्या, पाण्याने भरलेल्या लहान गाठी बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप जातात. ‘गाठ’ हा शब्द वाचून लगेच शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नका.

निदान कसे होते?

डॉक्टर आधी पोटाची आणि आतून तपासणी करतात. मग सोनोग्राफी आणि सीए-१२५. गाठ घट्ट आहे का, तिच्यात पडदे आहेत का, दोन्ही बाजूंना आहे का, पोटात पाणी आहे का, हे सोनोग्राफीत पाहिले जाते. सीए-१२५ ची नेहमीची मर्यादा ३५ मानतात. पण पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये किंवा यकृताच्या आजारातही हा आकडा वाढतो. उलट सुरुवातीच्या टप्प्यातील बऱ्याच रुग्णांमध्ये तो वाढलेला नसतो. म्हणून एकट्या आकड्यावरून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ होतो. पोटाच्या टीबीमध्येही पोटात पाणी होते, वजन घटते आणि सीए-१२५ वाढते. लक्षणांवरून दोन्ही सारखे दिसू शकतात. त्यामुळे पोटातले पाणी किंवा तुकडा तपासून खात्री केल्याशिवाय टीबीची औषधे किंवा केमो सुरू करणे धोक्याचे ठरते. पाणी फक्त काढून टाकले आणि तपासायला पाठवलेच नाही, असे होऊ देऊ नका. ‘पाणी तपासणीला दिले का?’ हा प्रश्न नातेवाइकांनी जरूर विचारावा.

पहिली शस्त्रक्रिया इतकी महत्त्वाची का?

कॅन्सर अंडाशयापुरता असेल तर पहिला टप्पा, ओटीपोटात पसरला तर दुसरा, पोटाच्या आवरणावर पसरला तर तिसरा आणि फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवांत गेला तर चौथा. अमेरिकेतील नोंदींनुसार अंडाशयापुरत्या मर्यादित कॅन्सरमध्ये पाच वर्षांनंतर नव्वदहून अधिक टक्के रुग्ण हयात असतात. दूरवर पसरलेल्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास येते. बहुतेक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोहोचतात, हेच खरे दुखणे आहे.

पहिल्या टप्प्यातील गाठ शस्त्रक्रियेदरम्यान फुटली, तर तिच्यातील पेशी पोटात सांडू शकतात आणि टप्पा वाढतो. म्हणून कॅन्सरचा संशय असलेली गाठ सुईने टोचणे किंवा दुर्बिणीतून कापून काढणे सहसा टाळतात. संशय असेल तर पहिलीच शस्त्रक्रिया कॅन्सरच्या स्त्रीरोग शल्यचिकित्सेचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे व्हावी. आधी जवळच्या ठिकाणी गाठ काढायची आणि रिपोर्ट वाईट आला तर मोठ्या रुग्णालयात जायचे, या क्रमाने रुग्णाचे नुकसान होऊ शकते.

पसरलेल्या कॅन्सरमध्ये पोटातील दिसणारा सर्व आजार काढण्याचा प्रयत्न होतो. सोबत कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या औषधांची केमो, साधारणपणे दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे सहा वेळा दिली जाते. आजार फार पसरला असेल तर आधी तीन केमो, मग शस्त्रक्रिया आणि उरलेल्या केमो नंतर, असाही क्रम असतो. बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांना ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा फायदा होतो. म्हणून आवरणाच्या पेशींचा कॅन्सर निघाला, तर जनुकीय चाचणीबद्दल विचारा. तिचा उपयोग लेकी-बहिणींनाही होतो.

आकडे कमी आहेत, मग चिंता कशाला?

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे ४७ हजार महिलांना अंडाशयाचा कॅन्सर झाला आणि सुमारे ३३ हजार मृत्यू झाले. भारतीय महिलांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखानंतर याचा तिसरा क्रमांक लागतो.

धाराशिवच्या भूम आणि परंडा तालुक्यांतील कॅन्सर रुग्णांची नोंद बार्शी तालुक्यासोबत १९८७ पासून होत आली आहे. देशातील ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. २०२० मध्ये आलेल्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या अहवालात उस्मानाबाद-बीडमधील महिलांचा सर्व प्रकारच्या कॅन्सरचा वयानुरूप दर लाखामागे ४९.४ होता. देशभरातील नोंदणी केंद्रांमध्ये तो सर्वात कमी ठरला. ही चांगली बातमी आहेच. पण नोंदणीत तोच रुग्ण येतो ज्याचे निदान झाले आहे. आणि आजार विरळ असला की डॉक्टर आणि घरचे दोघांच्याही मनात तो उशिरा येतो.

संशय आला तर कुठे जायचे?

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील स्त्रीरोग विभागातून करता येईल. पुढील उपचारांसाठी जिल्ह्याच्या सीमेला लागून बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि मुंबईतील परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल हे पर्याय आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आणि केमोचा समावेश आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा आणि दाखल होण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आहे.

डॉक्टरांकडे जाताना काय सांगाल?

‘पोट बिघडलंय’ एवढेच सांगितले, तर गॅसची गोळी मिळण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी या गोष्टी नेमकेपणाने सांगा :

– तक्रार कधीपासून आहे आणि महिन्यातून किती दिवस होते. मोबाइलच्या कॅलेंडरवर रोज खूण केली तरी पुरे.
– पाळी सुरू आहे की बंद, बंद होऊन किती वर्षे झाली.
– पिशवी काढली आहे का, अंडाशये ठेवली आहेत का.
– आईकडच्या आणि वडिलांकडच्या कुटुंबात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर कुणाला झाला आहे का.
– आतापर्यंत कोणती औषधे घेतली आणि त्याने फरक पडला का.

दोन-तीन आठवडे औषध घेऊनही तक्रार तशीच असेल, तर त्याच गोळ्या पुन्हा लिहून घेण्याऐवजी ‘ओटीपोटाची सोनोग्राफी करायची का?’ असे थेट विचारा. बहुतेक जणींच्या सोनोग्राफीत कॅन्सर निघणार नाही. ज्या थोड्या जणींमध्ये निघेल, त्यांना उपचारासाठी मोलाचे महिने मिळतील.

(हा लेख सामान्य माहितीसाठी आहे. निदान आणि उपचारांसाठी तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)